गोळीबंद

परतवाडा मागे टाकून धारणीच्या रस्त्याला लागलं की घाट सुरू होतो आणि सागाच्या जंगलातून वळणं घेत गाडी सेमाडोहला येऊन पोचते. गावालगत सिपना वाहते. देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले त्यात मेळघाट होता. त्यामुळे इथे थांबणारी बहुतेक माणसं वाघाच्या ओढीनं आलेली असतात. वाघ दिसला तर दिसला. चिखलदरा-सेमाडोहच्या या पट्ट्यात फिरून आलेला माणूस रबडी मात्र सहसा चुकवत नाही. मेळघाटात गवळ्यांच्या जुन्या वस्त्या आहेत आणि जवळच्या गाविलगडाचं नावही गवळ्यांवरूनच पडलं असं मानतात. म्हशी राखायच्या, दूध काढायचं. डोंगरातून बाजारापर्यंत दूध टिकत नाही, म्हणून ते आटवायचं. खवा आणि रबडी ही या भूगोलातून निघालेली उत्तरं आहेत.

आटवण्याचं हे काम जरा थांबून पाहावं. पसरट लोखंडी कढई, खाली लाकडाचा जाळ आणि हातात उलथनं. म्हशीच्या पाच लिटर दुधातून साधारण एक किलो खवा निघतो, म्हणजे बाकीचं जवळपास सगळं पाणी वाफ होऊन जायला हवं, आणि तेही दूध बुडाला न लागता. शेवटच्या टप्प्यात दूध दाटलं की जाळ कमी करावा लागतो, कारण आता उष्णता वाहून नेणारं पाणी फारसं उरलेलं नसतं. दुधातली साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांशी जुळतात, तेव्हा बदामी रंग आणि खरपूस वास येतो. लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये या प्रक्रियेचं वर्णन केलं आणि तिला त्याचंच नाव मिळालं. पावाची तांबूस पाठ, भाजलेलं कॉफीचं बी, भाकरीवरचे डाग, सगळ्यांमागे हीच क्रिया आहे. रबडीची तऱ्हा वेगळी. तिथे दूध ढवळत राहायचं नाही. वर धरलेली साय हलकेच कढईच्या काठाला लावत जायची आणि शेवटी ते थर खरवडून दाट दुधात सोडायचे. खव्यालाही जाती आहेत. पेढ्याला पिंडी, गुलाबजामला मऊसर धाप, कलाकंदाला दाणेदार. कुठल्या क्षणी कढई उतरवली आणि दूध किती आंबटसर होतं, यावर ही जात ठरते.

हे सगळं ज्याच्या हातात आहे त्याला आपण हलवाई म्हणतो, गवळी म्हणतो. पेस्ट्री शेफ म्हणत नाही. पेस्ट्री शेफ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पांढरा कोट, उंच टोपी आणि पंचतारांकित हॉटेलातलं काचेआडचं कपाट. पण कामाच्या मुळाशी गेलं तर दोघांचं भांडवल एकच आहे: साखर, पाणी, स्निग्धांश, प्रथिनं आणि त्यांना वळण लावणारी आच. मग दोघांत फरक कुठे पडतो? या लेखाला तेवढंच पाहायचं आहे.

घडीतलं गणित

वऱ्हाडात रोडगे करतात. कणकेच्या छोट्या पुऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक रचायच्या, ती चळत कणकेच्या मोठ्या पारीत भरून गोळा बंद करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. फोडला की आतून पापुद्रे सुटतात. वर तूप आणि सोबत वांग्याची भाजी. हे पापुद्रे सुटतात कसे? दोन पुऱ्यांच्या मधल्या तेलामुळे कणीक कणकेला चिकटत नाही, आणि भाजताना आतल्या ओलाव्याची वाफ होऊन थर एकमेकांपासून दूर ढकलले जातात.

पॅरिसमधला क्रोसाँ याच तत्त्वावर उभा आहे. कणकेच्या आत लोण्याची वडी ठेवून लाटायचं, तीन पदरी घडी घालायची, पुन्हा लाटायचं. अशा तीन घड्या घातल्या की लोण्याचे ३ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे २७ थर होतात. पफ पेस्ट्रीला सहा घड्या घालतात. तिथे हिशोब ७२९ थरांवर जातो. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं. भट्टीत त्याचीही वाफ होते आणि तीच या थरांना वर उचलते. अट एकच. लाटताना लोणी कडक असलं तर ते कणकेला फाडतं, पातळ झालं तर कणकेत मुरून जातं. म्हणून हे काम करणारी खोली थंड ठेवावी लागते.

आपल्या आज्यांनी या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला होता. चिरोट्याच्या पोळीवर नुसतं तूप न लावता तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावायचा. पिठी तुपाला धरून ठेवते, त्यामुळे उन्हाळ्यातही ते ओघळत नाही. शिवाय गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की चिवट जाळी तयार होते, ग्लुटेन म्हणतात ते. तांदळात ते नसल्यामुळे थर पुन्हा चिकटण्याचा धोकाही टळतो. फ्रान्सच्या थंडीनं जे काम केलं तेच आपल्याकडे तांदळाच्या पिठीनं केलं.

गोव्यातली बेबिंका हाही थरांचाच पदार्थ. तिला आच वरून देतात. पिठाचा एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा ओतायचा, सात थरांपासून कधी सोळांपर्यंत. २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. रोडगा, चिरोटा, बेबिंका ही तिन्ही पेस्ट्रीच आहेत. ती शिकवताना कुणी तसं सांगत नाही, एवढंच.

वाटी आणि ग्रॅम

फरकाची पहिली खूण स्वयंपाकघरातल्या वाटीत सापडते. आमटीत एक वाटी पाणी जास्त पडलं तर दोन उकळ्या जास्त काढायच्या, संपलं. आमटी शिजताना चाखता येते, सुधारता येते. केक भट्टीत गेला की त्यावर कुणाचीच सत्ता चालत नाही. आत काय घडणार ते आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरतं मापावर. चाळून अलगद भरलेल्या एका कपात साधारण १२० ग्रॅम मैदा मावतो. तोच कप पिठात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. कप तोच, बाई तीच, पण पीठ चतुर्थांशानं वाढलं. मग केक कोरडा झाला की दोष अंड्याला, ओव्हनला किंवा नशिबाला.

म्हणून बेकरीत काटा लागतो आणि काट्याबरोबर एक सोपी रीतही येते. पीठ नेहमी १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्केवारीत मांडायचं. पीठ १००, पाणी ६२, मीठ २, यीस्ट १ असं सूत्र लिहून ठेवलं की घरच्या चार पावांसाठी आणि लग्नाच्या चारशे पावांसाठी कागद बदलत नाही. दोन बेकऱ्यांतली पावाची तुलनाही एका ओळीत होते. फ्रेंच घरांतल्या साध्या केकचं तर नावच 'चार चतुर्थांश' असं आहे. पीठ, लोणी, साखर, अंडी सगळं समसमान वजनाचं. पाककृतीच नावात मावली.

आपल्या आज्यांना मापं येत नव्हती असं मात्र नाही. त्यांचं माप त्यांच्या हातात होतं आणि ते अचूकच होतं. अडचण दुसरीच होती. ते त्या हाताबरोबर घरात राहायचं आणि हाताबरोबरच जायचं. सूनबाईला ते शिकायला दहा-बारा दिवाळ्या सासूशेजारी बसावं लागे. काटा हा खरं तर या वर्षांवरचा उपाय आहे. ज्याला शेजारी बसता येणार नाही, त्याच्यापर्यंत हात पोचवण्याची ती एक युक्ती आहे.

लिहून ठेवणारे

पेस्ट्रीच्या जगातलं पहिलं मोठं नाव मारी-आंत्वान कारेम. त्याची गोष्ट इथूनच समजते. अठराव्या शतकाच्या शेवटी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसमधल्या गरीब घरातलं हे पोर दहा वर्षांच्या आसपास रस्त्यावर आलं. एका खाणावळीत पडेल ते काम करत ते वाढलं आणि पुढे बेली नावाच्या नामांकित पेस्ट्रीवाल्याकडे उमेदवारीला लागलं. मालक दिलदार होता. त्यानं पोराला राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसायची सवड दिली. तिथे कारेम प्राचीन देवळांची आणि मनोऱ्यांची चित्रं पाहायचा, उतरवून घ्यायचा आणि साखर, बदामाचा लगदा व पेस्ट्री वापरून त्यांच्या प्रतिकृती उभ्या करायचा. मेजवानीच्या टेबलांवरच्या या इमारतींनी त्याला मुत्सद्दी ताल्लेरांच्या स्वयंपाकघरात नेलं, नंतर इंग्लंडच्या युवराजाकडे, शेवटी रोथशिल्ड घराण्याकडे.

पण कारेम आज आठवतो तो राजवाड्यांमुळे नव्हे. साखरेच्या इमारती त्याच रात्री मोडल्या, खाल्ल्या. १८१५ मध्ये त्यानं पेस्ट्रीवरची पुस्तकं छापली, आकृत्यांसह, क्रमवार. ती राहिली. १८३३ मध्ये पन्नाशीही न गाठता तो गेला. कोळशाच्या धुरात काढलेल्या आयुष्यानं त्याला लवकर नेलं असं सांगतात. विसाव्या शतकात गास्तों लनोत्र यांनी तेच काम शाळेच्या रूपात केलं. नॉर्मंडीतून पॅरिसला येऊन दुकान नावारूपाला आणल्यावर त्यांनी १९७१ मध्ये व्यावसायिकांसाठी पाकशाळा काढली. हातात कसब असलेली, पण पुढे शिकायला जागा नसलेली माणसं तिथे येऊ लागली.

आपल्याकडे ही वाट मुंबईतून जाते. १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं मुंबईत केटरिंगचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. दादरची आजची हॉटेल मॅनेजमेंट संस्था ती हीच. तिच्या प्राचार्य थंगम फिलिप मूळच्या केरळच्या, पण त्यांचं कार्य मुंबईत घडलं. १९६५ च्या सुमारास त्यांचं 'मॉडर्न कुकरी' हे पाठ्यपुस्तक आलं आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरू पाहणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ते वापरलं. १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वयंपाक शिकवणं हा सन्मानाचा पेशा असू शकतो हे एका अर्थानं तेव्हा सरकारदरबारी नोंदलं गेलं.

घरांसाठी हेच काम कमलाबाई ओगले यांनी केलं. १९७० मधलं त्यांचं 'रुचिरा' घराघरांत गेलं, ते वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांमुळे. माहेरून लांब, परगावी किंवा परदेशी संसार मांडणाऱ्या मुलीला आई शेजारी नसताना पुरणपोळी करता आली ती या पुस्तकाच्या आधारानं. त्याआधी १९१० मध्येच लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 'गृहिणीमित्र' लिहून एक हजार पाकक्रिया छापून ठेवल्या होत्या. कारेम, लनोत्र, थंगम फिलिप, कमलाबाई, लक्ष्मीबाई. देश वेगळे, पदार्थ वेगळे, पण खटपट एकच: हातातलं कागदावर उतरवायचं.

पांढऱ्या कोटाची शिडी

आज या पेशात शिरायचं तर वाटा बऱ्याच आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये 'बेकर अँड कन्फेक्शनर' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो प्रत्येक ठिकाणी नसतो, म्हणून प्रवेश अर्ज भरताना यादी नीट पाहायची. बारावीनंतर केंद्र सरकारच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थांचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, आणि त्यांचीच बेकरी व कन्फेक्शनरीची पदविकाही आहे. पुण्यात शिवाजीनगरला राज्याची स्वतंत्र संस्था आहे. या सगळ्यांखेरीज चौथी वाट सर्वांत जुनी: एखाद्या बेकरीत पोत्यांपासून सुरुवात करायची.

हॉटेलात दाखल झालं की पायऱ्या ठरलेल्या असतात. ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच आचाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वयंपाकघराची लष्करासारखी रचना लावली, तीच अजून चालते. आधी कोमी, म्हणजे उमेदवार. तो अंडी फोडतो, फळं सोलतो, ट्रेला कागद लावतो. मग डेमी शेफ, मग एका विभागाचा शेफ द पार्ती, पुढे सू-शेफ आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह पेस्ट्री शेफ. वरच्या पायरीवरचा माणूस केक कमी करतो आणि मालाच्या खर्चाचे, मेनूचे, माणसांच्या पाळ्यांचे हिशोब जास्त करतो. पावाची पाळी पहाटे तीन-चारला सुरू होते, कारण सकाळच्या न्याहारीला क्रोसाँ गरम हवा असतो. सणवार म्हणजे दुप्पट काम. दिवसभर उभं राहणं, भट्टीच्या वाफा, बोटांवरचे चटके हे तर रोजचंच.

मग शिकवण्याकडे माणूस वळतो कधी? बहुधा दहा-पंधरा वर्षं हात चालवल्यावर. हॉटेलातला शेफ चांगला पदार्थ करतो. शिक्षकाला चुकलेल्या पदार्थावरून चूक ओळखता यावी लागते. केक मध्ये बसला तर भट्टीचं दार लवकर उघडलं होतं का, की साखर जास्त पडली, की खायचा सोडा? वर फुगून तडा गेला तर भट्टी जास्त तापलेली होती. मेरिंगला, म्हणजे साखर घालून फेसलेल्या अंड्याच्या पांढऱ्याला, पाणी सुटलं तर साखर विरघळली नव्हती. वीस विद्यार्थ्यांच्या वीस ट्रे समोर आल्या की वीस कारणं शोधावी लागतात आणि प्रत्येकाला ते कारण पटवावं लागतं. आपल्याकडे अंडं न खाणारे बरेच. मग अंड्याचं काम, म्हणजे बांधणं, फुगवणं, ओलावा धरणं, दही, दूध, सोडा आणि लिंबू यांच्यात वाटून द्यावं लागतं. तेही कारणासकट शिकवलं तरच पुढच्या वेळी विद्यार्थी स्वतः फेरफार करू शकतो.

चॉकलेट शिकवणं म्हणजे वऱ्हाडात तर परीक्षाच. कोकोच्या तुपाचे स्फटिक सहा प्रकारांत जमू शकतात. चमक आणि टचकन तुटण्याचा आवाज हवा असेल तर त्यातला एकच प्रकार उपयोगी, तो साधारण ३४ अंशांना वितळतो. म्हणून गडद चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २८ च्या आसपास उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ ला आणायचं. आता अकोल्याचा मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश. तिथे हे काम पहाटे करायचं किंवा खोली थंड करून. पुस्तक पॅरिसमध्ये लिहिलं गेलंय, ऊन अकोल्यात पडलंय. हे अंतर भरून काढतो तो खरा शिक्षक.

चिखलदऱ्यावरचा पाक

आता पुन्हा मेळघाटात येऊ, कारण इथेच आकड्यांचा एक गमतीशीर पराभव होतो.

पेस्ट्रीच्या वर्गात पाक थर्मामीटरनं शिकवतात. एकतारीला साधारण १०५ ते ११० अंश, बर्फीसाठी लागणाऱ्या गोळीबंदला ११२ ते ११६, खडखडीत कडक पाकाला १५० च्या आसपास. यामागचं कारण सोपं आहे. पाणी उडत जातं तशी साखर दाट होते आणि पाक जितका दाट तितका त्याचा उकळबिंदू वर चढतो. गोळीबंद पाकात साखर सुमारे ८५ टक्के असते. म्हणजे थर्मामीटर खरं तर दाटपणा मोजत असतो, तापमानाच्या आडून.

समुद्रसपाटीपासून वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू साधारण एक अंशानं खाली येतो. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि पाकाचे सगळे आकडेही तेवढेच खाली सरकतात. मुंबईत शिकून आलेल्या मुलानं चिखलदऱ्यावर थर्मामीटर लावून ११५ अंशांची वाट पाहिली तर पाक गोळीबंदच्या पुढे गेलेला असेल आणि बर्फी दगड होईल. चहा उकळूनही कमी कडक लागतो, केक लवकर फुगून बसतो, त्याचं मूळ हेच.

तिथेच एखादा जुना हलवाई काय करतो? वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडतो, दोन बोटांनी गोळा करून पाहतो. मऊ गोळी झाली की कढई उतरवतो. त्याची परीक्षा मुंबईत चालते, अकोल्यात चालते, चिखलदऱ्यावरही एका अंशाची दुरुस्ती न करता चालते. कारण त्याचं बोट थेट दाटपणाच तपासतं. तापमानाचा मध्यस्थ त्याला लागतच नाही.

मग काटा आणि थर्मामीटर निरुपयोगी ठरले का? अजिबात नाही. बोट का चालतं हे कळण्यासाठी आकडा लागला. आणि आकडा कुठे फसतो हे कळण्यासाठी बोट. दोन्ही हाताशी असलेला शिक्षक मुलाला आधी थर्मामीटर देतो, म्हणजे पहिल्याच दिवशी पाक जमतो. मग थेंब पाण्यात सोडायला लावतो, म्हणजे थर्मामीटर फुटला किंवा गाव बदललं तरी पाक जमतो.

मेळघाटचं कोठार

पेस्ट्री शेफच्या नजरेनं या डोंगराकडे पाहिलं तर कोठार भरलेलं दिसतं. चिखलदऱ्यावर ब्रिटिशांच्या काळापासून कॉफी आहे. अलीकडे त्या परिसरात स्ट्रॉबेरीही पिकते. जंगलात मध आहे. इथल्या कोरकू आदिवासींच्या शेतात कुटकी आणि सावा येतो. त्यात ग्लुटेन नसल्यामुळे त्याचा पाव फुगणार नाही, पण खुसखुशीत बिस्किटाला तो उत्तम, कारण बिस्किटाला चिवट जाळी नकोच असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं पडतात. ती वाळवली की मनुकांसारखी होतात आणि त्यांच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. दारूच्या बदनामीखाली झाकला गेलेला हा गोडवा कोरकू घरांत खाण्यात पूर्वापार आहे. आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा खवा तर दारातच आहे.

या वस्तू हॉटेलांच्या मेनूवर याव्यात, मोहाच्या टार्टला मोठी किंमत मिळावी, हे सगळं व्हावंच. पण त्याआधी एक छोटं काम आहे. दूध किती घेतलं, जाळ कधी कमी केला, साय किती वेळा काठाला लावली, किती लिटरचं किती वजन राहिलं, हे एखाद्या मुलानं किंवा मुलीनं सेमाडोहच्या कढईशेजारी काटा आणि वही घेऊन बसून लिहून काढायचं. बेलीकडच्या उमेदवारानं ग्रंथालयात बसून देवळं उतरवून घेतली. इथे ग्रंथालय म्हणजे ही कढईच आहे.

आणि लिहून झालं की वही मिटून, ज्याच्याकडून लिहिलं त्याच्याकडेच परत जायचं. वाटीत गार पाणी घ्यायचं, पाकाचा थेंब सोडायचा आणि त्याला विचारायचं, दादा, झाली का गोळी?